भातगिरणीमागची होडी: ओळख पटवण्यापासून पाण्यात उतरवण्यापर्यंत

जुनी लाकडी होडी हाती लागली की सगळ्यात आधी टेप आणायचा. रंग, इपॉक्सी (हार्डनर मिसळून लावायचं गोंद), पॉलिश पेपर हे सगळं नंतर. होडी कोणती आहे हे कळल्याशिवाय त्यातलं काय ठेवायचं अन काय कापायचं हे ठरवताच येत नाही, आणि एकदा कापून फेकलं की नमुनाही गेला. मी हे काम नुकतंच करून मोकळा झालोय, म्हणून सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतो.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या अलीकडे. हा सगळा तलावांचा मुलूख, कोहळी लोकांनी बांधलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव गावोगावी आहेत, पण होडी म्हणजे आमच्याकडे मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचा डोंगा, बांबूने रेटायचा. शिडाची होडी इकडे कोणाच्या डोळ्यासमोरच नाही. गावाबाहेर एक जुनी भातगिरणी आहे, तिच्या मागच्या आवारात एक होडी कित्येक वर्षं उपडी पडली होती आणि तिच्याखाली तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, ठेवलेली असायची. मालक म्हणाले, वडिलांनी कुठल्यातरी सरकारी लिलावात घेतली होती, मासेमारीला कामी येईल म्हणून, पण ढिवरांनी एकदा पाण्यात नेली अन परत आणून टाकली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "हिच्या बुडालेच भोक हाये सर, कोन बसंल तिच्यात?"

या एका वाक्याने माझे कान टवकारले. वाकून पाहिलं तर बुडाच्या बरोब्बर मध्ये, लांबीच्या दिशेने एक लांब अरुंद फट होती, वरून पत्रा ठोकून डांबर फासलेलं. ती गळकी भेग नव्हतीच, ती मुद्दाम ठेवलेली फट होती. शिडाच्या होडीला वारा बाजूने ढकलतो, तेव्हा ती आडवी सरकू नये म्हणून मधल्या पेटीतून एक फळी खाली पाण्यात सोडतात, तिला सेंटरबोर्ड म्हणतात. म्हणजे ही होडी वल्ह्याची नाही, शिडाची. मालकांनी "घेऊन जा, तणशीवर ताडपत्री टाकून द्या म्हणजे झालं" म्हटलं, आणि ताडपत्रीच्या बदल्यात होडी घरी आली.

मग मापं. सुकाणू नव्हतंच, त्यामुळे नुसती बॉडी मोजली. लांबी चार मीटरच्या किंचित वर, साधारण चारशे चार सेंटीमीटर, रुंदी सर्वात फुगीर जागी एकशे साठ. आता या साइजच्या होड्या जगात पुष्कळ आहेत, पण जुन्या लाकडी रेसिंग होड्यांची खासियत अशी की प्रत्येक क्लासची, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या होड्यांच्या जातीची, मापं पक्की ठरलेली असतात, सगळ्यांच्या होड्या सारख्या म्हणजे जिंकणं-हरणं चालवणाऱ्यावर. त्यामुळे एकेक नाव खोडत जाता येतं. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ मुंबईला नौदलात होते, त्यांना फोनवर सांगितलं तर ते आधी म्हणाले फायरबॉल क्लासची असेल. १९८२ च्या एशियाडची शिडाची शर्यत मुंबईच्या समुद्रात झाली होती आणि फारोख तारापोर अन झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्येच सोनं आणलं होतं, म्हणून त्यांना तेच नाव आठवलं. पण फायरबॉल जवळपास पाच मीटर लांब असते आणि तिचं पुढचं टोक चपटं कापल्यासारखं दिसतं, आमच्या होडीला चांगली टोकदार नाळ. मिरर म्हणावं तर तिचंही नाक बोथट आणि ती सव्वातीन मीटरची. जीपी चौदा म्हणजे नावातच चौदा फूट, ही तेवढी भरत नाही आणि रुंदीला उलट जास्तच.

मग होडीचा आकार नीट पाहिला. प्लायवूडच्या सपाट शीटला एकाच वेळी दोन दिशांनी गोलाई देता येत नाही, म्हणून बाजूची फळी आणि बुडाची फळी जिथे मिळते तिथे स्पष्ट कोपरा येतो. आमच्या होडीला दोन्ही बाजूंनी असे दोन-दोन कोपरे होते, म्हणजे बाजू, मग तिरपी फळी, मग बूड. तेरा फूट तीन इंच लांब, पाच फूट तीन इंच रुंद, दोन कोपऱ्यांची, पुढे छोटं डेक आणि बाजूला बसायला अरुंद डेक: ही एंटरप्राइझ. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज डिझायनरने १९५६ मध्ये काढलेली, न्यूज क्रॉनिकल या पेपरने तिला उचलून धरलं होतं, आणि निळं शीड ही तिची लांबून ओळखायची खूण. दोन माणसांची होडी, कोणतीही भानगड नाही, एक मोठं शीड एक लहान. आपल्याकडे नौदल एनसीसीच्या पोरापोरींना शीडकाम शिकवायला याच क्लासच्या होड्या वापरतात, त्यामुळे समुद्रापासून इतक्या लांब विदर्भात ही सापडावी यात तसं नवल नाही. आणि त्याच १९८२ च्या एशियाडला एंटरप्राइझचं सोनं पाकिस्तानच्या बायराम अन गोश्पी आवारी या नवरा-बायकोच्या जोडीने नेलं होतं, हे त्या गृहस्थांनीच मागून फोन करून सांगितलं, मला ते ऐकून फार बरं वाटलं, म्हणजे आपल्या अंगणात पडलेली वस्तू साधी नाही.

तरी मला पक्का पुरावा हवा होता. या होड्यांना नंबर असतो, आणि तो बऱ्याचदा लाकडात कोरलेला असतो. आतून होडीला आधी करडा ऑइलपेंट, त्याखाली निळा, त्याखाली अजून एक, आणि सगळ्यात खाली जुनं वॉर्निश. आत बुडावरून जे लांब मधलं लाकूड जातं, होडीचा कणाच तो, त्यावर खरवडणीने हळूहळू रंग काढत गेलो, जोर न लावता, कारण अक्षरं असली तर ती पाव इंचही खोल नसतात. सेंटरबोर्डच्या पेटीच्या थोडं पुढे एक सरळ उभी रेघ लागली, मग शेजारी गोलाई. रंग कोरलेल्या खाचेत भरून बसलेला असतो, तो टाचणीने काढावा लागतो. आकडे निघाले, शेवटचे मात्र कोणीतरी पूर्वी घासून पुसट केलेले. मागच्या फळीवर चार स्क्रूची भोकं होती, आयताच्या चार कोपऱ्यांवर, म्हणजे तिथे कधीकाळी पाटी होती. मी त्या भोकांत पुट्टी भरली नाही, तशीच ठेवलीत. अशा खुणा म्हणजे होडीचा सातबारा आहे, त्या बुजवायच्या नाहीत.

प्लायही बोलतो. विलायती बांधणीत महोगनीच्या जातीचं लाकूड जास्त असतं, आमच्या होडीच्या आतल्या फ्रेमा अस्सल सागवान होत्या आणि प्लायचं तोंड गर्जनचं, आपल्या मरीन प्लायला असतं तसं. त्यावरून ही भारतातच बांधलेली, हे माझं मत. आणखी एक गोष्ट दिसली, प्लायची शीट आठ फुटांची आणि होडी तेरा फुटांची, म्हणजे मूळ बांधणाऱ्यानेच शीट जोडलेली. तो जोड इतका साफ होता की रंग काढल्यावर तिरप्या उजेडातच दिसला.

आता दुरुस्ती. होडी उपडी पडून होती म्हणून नुकसानही उलटं झालेलं. जे वर असतं ते मातीला टेकलेलं, त्यामुळे पुढचं डेक आणि दोन्ही काठांच्या पट्ट्या वाळवीने खाल्लेल्या, आणि बूड आकाशाकडे होतं त्याला आमच्याकडचा एप्रिल-मेचा बेचाळीस-पंचेचाळीसचा ताव वर्षानुवर्षं बसलेला, म्हणून तिथे प्लायचे पदर सुटलेले. मधल्या फ्रेमा मात्र ठणठणीत. कुठपर्यंत चांगलं अन कुठून खराब हे शोधायला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळं बूड ठोकत गेलो, चांगला प्लाय टणटण वाजतो, पदर सुटलेला भद्द वाजतो, खडूने रेघ मारत जायचं. शंका आली तिथे टोक टोचून पाहायचं. सडलेलं जिथे संपतं त्याच्याही चार बोटं पुढे कापायचं, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा आत गेलेली असते.

गावात याच्यावर खूप सल्ले मिळाले. एक तर सगळेच सांगायचे की वरून फायबर मारून टाका, पंचवीस वर्षं पाहायचं काम नाही. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. आत ओल धरून बसलेल्या जुन्या प्लायला बाहेरून फायबरने बंद केलं की ती ओल जायची कुठे? आतल्या आत सडत राहते अन वरून होडी चकाचक दिसते. शिवाय वजन. एंटरप्राइझची बॉडी नव्वदेक किलोची असायला पाहिजे, आमची गिरणीच्या काट्यावर ठेवली तर सव्वाशेच्या वर भरली, त्यातलं बरंचसं डांबर, पत्रा, रंग आणि शोषलेलं पाणी. अजून फायबर चढवलं असतं तर ती वाऱ्यावर हललीच नसती.

दुसरा सल्ला आमच्या ढिवरकाकांचा. ते आमच्या गावच्या तलावावर जन्म काढलेले, डोंगे स्वतः दुरुस्त करतात. ते म्हणाले, "सर, दोन-चार रोज पान्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगंल, गळनं आपोआप बंद." डोंग्यासाठी हे शंभर टक्के खरं आहे, फळ्या शेजारी शेजारी ठोकलेल्या असतात, उन्हाळ्यात आक्रसतात, पाणी प्यायल्या की फुगून एकमेकींना घट्ट भिडतात. पण प्लायच्या होडीत सांधे गोंदाने धरलेले असतात, प्लायला पाणी पाजलं की फायदा काही नाही आणि उरलेसुरले पदर सुटतात. काकांना सुटलेला तुकडा हातात दिला, त्यांनी नखाने एकेक पदर उलगडून पाहिला आणि म्हणाले, "हं, हे तर पुस्तकाच्या पानावानी हाये. याले कोरडंच ठेवा मंग." त्यानंतर काका रोज संध्याकाळी येऊन बसायचे.

कोरडं ठेवणं या बाबतीत आमचा उन्हाळा म्हणजे वरदान. समुद्राकाठच्या लोकांना जुनी होडी वाळवायला महिने लागत असतील, इथे मार्चपासून हवेत ओल नावालाही नसते. फक्त उन्हात ठेवायची नाही, सावलीत ठेवायची, नाहीतर एका बाजूने तडकते. अंगणात मांडव घातला, वरून हिरवी नेट, बाजू उघड्या, आणि होडी जुन्या टायरांवर सरळ ठेवली, पिळा पडू नये म्हणून दोन्ही काठांवर आडवी पट्टी टाकून लेव्हल पाहिली. हे लेव्हलचं विसरून चालत नाही, वाकड्या अवस्थेत जोडलेली होडी कायमची वाकडी राहते.

जुने स्क्रू पितळेचे होते. पितळ ओलीत राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतो तो गुलाबीसर ठिसूळ तांब्याचा सांगाडा, डोकं फिरवलं की तुटूनच हातात येतं. त्यासाठी तापलेलं सोल्डरिंग आयर्न थोडा वेळ स्क्रूच्या डोक्यावर टेकवायची, आजूबाजूचं जुनं गोंद नरम होतं, मग हळूच फिरवायचं. बरेचसे असे अख्खे निघाले. त्यांच्या जागी स्टेनलेस घातले, गोड्या पाण्याला ते चालतात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः मला हे लिहायचं होतं ती, तिरपा सांधा. बुडाचा खराब भाग कापला, तिथे नवीन सहा मिलिमीटरचा मरीन प्लाय, सातशे दहा नंबरचा आयएसआय मार्क पाहूनच घ्यायचा, नागपूरहून आणला. दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून साधा प्लायही दाखवतात, त्याचा काही उपयोग नाही, मरीनचं गोंद उकळत्या पाण्यात बहात्तर तास टिकवून पाहिलेलं असतं. आता नवा तुकडा जुन्याला नुसता काठाला काठ लावून चिकटत नाही, तो जोड कधी ना कधी उघडतोच. दोन्ही काठ तिरपे तासायचे, जाडीच्या आठपट लांब उतार, म्हणजे सहा मिलिमीटरला अठ्ठेचाळीस, आणि एक उतार दुसऱ्यावर बसवायचा.

हे काम केलं आमच्या सुतारमामांनी. मामांनी आयुष्यभर बैलगाड्या, दारं, नांगर केले, होडीला हात लावायची पहिलीच वेळ. मी त्यांना मापं सांगितली आणि त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तुमी पाहात रहा, हे लाकूडच सांगते कुठी थांबाचं." आणि खरंच तसं झालं. प्लायचा काठ तिरपा तासला की आतले पदर एकामागे एक उघडे पडतात, एक फिका एक गडद अशा पट्ट्या दिसतात. रंधा बरोबर चालला तर या पट्ट्या एकदम सरळ आणि एकमेकींना समांतर येतात, कुठे जास्त घासलं तर पट्टी तिथे वळण घेते. मामा दर दोन-तीन हाताला थांबायचे, उकिडवे बसून डोळा काठाच्या पातळीला आणायचे, जिथे पट्टी बाहेर आलेली तिथे नुसता पॉलिश पेपरचा हात फिरवायचे. शेवटी सगळ्या पट्ट्या आखल्यासारख्या सरळ. जुन्या बाजूचा उतार तर त्यांना होडीतच, वाकून, उलट्या हाताने काढायचा होता, तोही तसाच आला. मशीनने हे लवकर होईल असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही.

चिकटवायला इपॉक्सी, आणि इथे आमच्या हवेचं दुसरं टोक आडवं येतं. इपॉक्सी अन हार्डनर मिसळलं की ते स्वतःच तापतं, आणि बाहेर चाळीसच्या वर असेल तर पेल्यात ठेवलेलं मिश्रण हाताला चटका देईपर्यंत गरम होऊन दगड होतं. दर दहा डिग्रीला काम करायचा वेळ साधारण निम्मा होतो असं धरून चालायचं. म्हणून सगळं चिकटवायचं काम पहाटे, उजाडता उजाडता, थोडं थोडं मिश्रण आणि पेल्याऐवजी पसरट ताटलीत, पसरलं की तापत नाही. सागवानावर लावायच्या आधी ॲसिटोनने पुसायचं, सागात तेल असतं ते इपॉक्सीला धरू देत नाही. आधी पातळ हात द्यायचा, लाकडाला पिऊ द्यायचं, मग घट्ट केलेलं लावायचं, शिकंजे फार आवळायचे नाहीत, आवळले तर सगळं बाहेर येतं अन सांधा कोरडा राहतो. हातमोजे आणि मास्क लागतोच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की जन्मभर जात नाही म्हणतात.

सेंटरबोर्डची पेटी पूर्ण सोडवून काढली. अशा होड्या गळतात त्या बहुतेक इथूनच, पेटी जिथे कण्यावर बसते त्या जोडातून. पेटी एकदा बसली की आत ब्रश जात नाही, म्हणून बसवायच्या आधीच आतल्या बाजूंना इपॉक्सीचे तीन हात दिले. काठाच्या पट्ट्या नवीन सागवानाच्या, गडचिरोलीतल्या आलापल्लीकडच्या सागाचं नाव सगळ्यांना माहीतच आहे, तसलंच सरळ रेषेचं लाकूड एका जुन्या घराच्या मोडलेल्या दारातून मिळालं, मुरलेलं लाकूड असल्याने नंतर वळलं नाही. पुढच्या डेकचे कुजके तुकडे फेकले नव्हते, ते नवीन प्लायवर जोडून ठेवले आणि पेन्सिलने आकार काढला.

डोलकाठी अन सुकाणू नव्हतेच. डोलकाठी ॲल्युमिनियमच्या पाइपची केली. सुकाणूचं पातं प्लायचं, पुढची कड गोल, मागची निमुळती. शीड मात्र मुंबईच्या एका शिडाच्या होडीवाल्याने आपलं जुनं पाठवलं, निळंच. पैसे घेतले नाहीत, फक्त होडीचे फोटो पाठवा म्हणाले.

बाहेरून रंग पांढरा, आतून वॉर्निश. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, पिवळं पडून भुरभुरतं, म्हणून त्यावर ऊन अडवणारं वॉर्निश लागतंच, आणि आमच्या उन्हाला दोन हातांनी भागत नाही, सहा तरी पाहिजेत, प्रत्येक हाताच्या मध्ये बारीक पेपर. इपॉक्सी वाळल्यावर कधी कधी वर मेणचट थर येतो, पावसाळी हवेत तर हमखास, तो साध्या पाण्याने धुऊन मगच पुढचं काम करायचं. घासून घासून कितीही रगडलं तरी तो जात नाही, पेपरच भरून बसतो.

तलाव मच्छीमार सोसायटीकडे आहे, त्यांची परवानगी घेतली, जाळी कुठे लावलीत ते विचारून घेतलं. पुन्हा काट्यावर ठेवली तर शंभराच्या आसपास आली, मला तेवढं पुरे आहे. लाइफ जॅकेट घालूनच बसायचं हा नियम पहिल्या दिवसापासून, आणि बाजूच्या सीटखाली हवेच्या पिशव्या बांधल्या, उलटली तरी तरंगली पाहिजे. ढिवरकाका पुढे बसले, लहान शिडाची दोरी त्यांच्याकडे. फळी खाली सोडली, वारा बाजूने घेतला, आणि ती आडवी न सरकता सरळ पुढे निघाली. काकांनी वाकून पेटीकडे पाहिलं, आत पाणी नव्हतं. म्हणाले, "म्हंजे भोक याच्यासाठीच ठेवलं व्हतं." मग दोरी अजून ओढून घेतली, वाऱ्याचा अंदाज त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, दोन फेऱ्यांत त्यांनी सुकाणूही मागून घेतलं.

सध्या मागच्या फळीच्या डाव्या कोपऱ्यातून थोडं पाणी येतं, ते पावसाळा संपल्यावर पाहीन. कण्यावरचे कोरलेले आकडे रंगाखाली घातले नाहीत, वरून फक्त वॉर्निश दिलंय, पुसट झालेले शेवटचे आकडे तिरप्या उजेडात फोटो काढून अजून वाचतोय. भंडारा, गोंदिया, रामटेक, नागपूर या भागात कोणाच्या वाड्यात, गोदामात अशी बुडाला फट असलेली होडी पडून असेल तर तिच्यावर पत्रा ठोकू नका, सरपणातही घालू नका, आधी लांबी-रुंदी मोजा आणि आतल्या मधल्या लाकडावरचा रंग हलक्या हाताने खरवडून पाहा.